काठावरचा श्वास

२८ नोव्हेंबर, शनिवार

पाचव्या ठोक्याला थांबल्या. सोळाच्या सोळा मुली एका पायावर, धड डावीकडं झुकलेलं, पंखे छातीशी. सहा, सात, आठ. उतरल्या. एकीचाही पाय हलला नाही. मी टेप बंद करायला सांगितलं.

"बाई, आता काय चुकलं?" शाओमाननं विचारलं. ती मधली नर्तकी. तिला दमही लागलेला नव्हता.

"काही चुकलं नाही."

"मग?"

"तू पडणार, असं मला वाटलं पाहिजे."

"पण मी पडत नाहीये ना. बारा वर्षं तुम्ही तेच तर शिकवलंत."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

आमच्या नृत्यमंडळाचा संचालक फान दारात उभा होता. म्हणाला, "बाई, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं." त्याचे डोळे कोरडे होते. सरकारी समितीची तपासणी १८ डिसेंबरला आहे. मंजुरी मिळाली की वर्षभराचा दौरा. जाहिरातीत माझा फोटो आणि खाली 'पन्नास वर्षं'. सगळ्यात शेवटी 'पूर ओसरल्यावर', माझा सगळ्यात जुना नाच. तो मेलेला आहे हे माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही.

२९ नोव्हेंबर

अठ्ठ्याहत्तरची टेप पुन्हा ऐकली. किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब राहिलेला नाही.

सांस्कृतिक क्रांतीत डुकरांच्या फार्मवर काढलेली सहा वर्षं संपून मला पुन्हा कामावर घेतलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात ह्वाय नदीच्या काठी जुने नाच गोळा करायला पाठवलं. मी छत्तीस वर्षांची होते. तिथले जुने नाचणारे तोंग देशुन छप्पन्न वर्षांचे. तरुणपणी ते नाचात बाईचं काम करायचे. टाचांखाली लाकडाचे ठोकळे बांधायचे, पाय बांधून लहान ठेवलेल्या जुन्या काळच्या बाईसारखं चालायचे. नदीकाठी त्यांना पाणकोंबडी म्हणत. पुढं ठोकळ्यांवर बंदी आली. माझ्यासाठी त्यांनी ते धान्याच्या रांजणातून काढले आणि अंगणात नाचून दाखवलं. त्यांचे थोरले भाऊ ढोलावर.

मध्येच एका क्षणी ते डावीकडं झुकले. ढोल थांबला. अंगणातली माणसं थांबली. आता पडणार, असं वाटलं आणि ते पडले नाहीत. मग ढोल सुरू झाला, लोक हसले. टेपवर ते हसू आहे. इतकं मोकळं हसू मी दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. मी तिथंच रडायला लागले.

त्या एका झुकण्यावर मी आख्खा नाच बसवला. त्या थांब्याला नाव दिलं, 'काठावरचा श्वास'. पुढच्या वर्षी देशात पहिला क्रमांक. मग पाठ्यपुस्तक, पान एकशे बारा. आज या देशात लोकनृत्य शिकणारी प्रत्येक मुलगी तो थांबा शिकते. तोंगकाकांपेक्षा चांगला करते. आणि कुणालाच तो येत नाही.

मी काहीतरी उचलून आणलं आणि काहीतरी तिथंच राहिलं. ते काय, हे विचारायला जायला हवं. ते सत्त्याऐंशीचे आहेत. एवढी वर्षं का गेले नाही, याचं उत्तर इथं लिहायचं नाही.

१ डिसेंबर

तोंगकाकांच्या गावी पोचले. शाओमानला बरोबर आणलं आहे, त्यांना दाखवता यावं म्हणून.

नदीच्या बांधावर चाळीसेक बाया लाऊडस्पीकर लावून नाचत होत्या. माझा नाच. तबकडीवरून शिकलेला. पाचला थांबल्या, आठला उतरल्या. पुढं तोंगकाकांची मुलगी चाओती, तोंडात शिट्टी. मला ओळखल्यावर सगळ्या धावत आल्या. फोन काढून फोटो. एक म्हणाली, "बाई, तुम्ही टीव्हीत उंच दिसता."

तोंगकाका भिंतीला टेकून उन्हात बसले होते. मागच्या वसंतात झटका येऊन उजवी बाजू गेली. मांडीवर गरम पाण्याची पिशवी. माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"पोरी, म्हातारी झालीस."

"तुम्ही नाही झालात का काका?"

"मी कधीच झालो. मी आता पुढच्या कामाला लागलोय."

२ डिसेंबर

शाओमान अंगणात नाचली. थांब्यावर आली आणि तोंगकाका हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. चाओतीनं पाठ चोळली.

"छान आहे," ते म्हणाले. "एवढं छान मला जन्मात जमलं नाही."

टोमणा कळण्याइतकी मी शहाणी आहे. विचारलं, "हिच्यात काय कमी आहे ते सांगा."

"काही नाही. पोटात घड्याळ आहे हिच्या. चांगलं चालतंय."

वजन कुठल्या पायावर होतं, श्वास आत होता की बाहेर, नजर कुठं होती, असे बावीस प्रश्न मी लिहून आणले होते. प्रत्येकाला एकच उत्तर. आठवत नाही. टेप लावली. झुकण्याची जागा आली तशी त्यांनी मान वळवून कोंबड्यांकडं बघायला सुरुवात केली.

ते मुद्दाम देत नाहीत.

४ डिसेंबर

चाओती बोलकी आहे, पण कामाचं काही सांगत नाही. मुगाचे वडे तळताना त्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगत होती. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. "तुम्ही गेलात आणि बाबांनी अंथरूण धरलं, बाई. डावा घोटा भोपळ्याएवढा. गव्हाचं सगळं मलाच बघावं लागलं. आई शिव्या घालायची, या वयात कशाला मिरवायचं म्हणून." मी विचारलं, नाचाबद्दल काही बोलायचे का? ती म्हणाली, नाचाबद्दलच तर बोलतेय.

टीव्हीशेजारी भिंतीवर एक प्रमाणपत्र आहे. जिल्ह्याच्या लोकनृत्य वर्गाचं, अठ्ठ्याऐंशी सालचं. 'तोंग देशुन, उत्तीर्ण.' खाली माझी छापील सही. अभ्यासक्रम माझा होता, सह्या गठ्ठ्यानं जायच्या. पण ते या वर्गाला कशाला बसले?

"त्याशिवाय जत्रेत नाचायचा परवाना नव्हता," चाओती म्हणाली. "आणि आदल्या वर्षी नापास झाले होते. तुमच्या विद्यार्थिनीनं केलं. थांबा पाचला आला नाही म्हणे." ती हसत होती. "मग वर्षभर या अंगणात मी मोजायचे आणि ते थांबायचे. एक दोन तीन चार, बाबा थांबा! सहा सात आठ, बाबा उतरा!"

मी हसले नाही. त्यांचा राग कुठून आला ते आता कळलं.

६ डिसेंबर

शाओमानला परत पाठवलं. तालमी बुडतात. बसची वाट बघताना म्हणाली, "बाई, रागावणार नसाल तर एक बोलू? आजोबा तुम्हाला काहीतरी सांगायला बघतायत आणि सांगत नाहीयेत. असं वाटतं मला."

"काय सांगायला?"

"ते मला काय माहीत. पण रागावलेला माणूस असा बघत नाही. तुम्ही टेप लावलीत ना, तर ते कोंबड्यांकडं नाही, तुमच्याकडं बघत होते. तुमची मान खाली होती."

तिला इथली बोलीसुद्धा कळत नाही. बसमध्ये चढताना तिनं डावा पाय आधी जपून ठेवला. नेहमीचंच.

९ डिसेंबर

थंडी. तोंगकाका दिवसभर पांघरुणात. फानचा फोन: "बाई, समितीच्या अध्यक्षांनी मुद्दाम विचारलं, तो थांबा आहे ना? मी म्हटलं, तो नसेल तर आम्ही आहोत कशाला!"

कंबर दुखते. बावीस प्रश्न फाडून चुलीत टाकले.

११ डिसेंबर

आज मी सरळ बोलले. म्हटलं, "काका, पहिल्या कार्यक्रमाच्या कागदावर तुमचं नाव नव्हतं. नुसतं 'लोकनृत्यावर आधारित' होतं. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही. नुकतीच कामावर परत आले होते, मला भीती वाटत होती. मग बक्षीस मिळालं आणि भीती गेली, पण तोवर सवय झाली होती."

त्यांनी मांडीवरची गरम पाण्याची पिशवी सरकवली.

"मी परदेशी गेले, तिथंही नाव घेतलं नाही. तुम्हाला नापास केलं ते माझ्या पुस्तकानं. तुमचा राग बरोबर आहे. पण हे तुमच्याबरोबर जाऊ देऊ नका."

बोलता बोलता मी खाली गुडघे टेकले. ठरवून नाही. कपाळ जमिनीला लावलं आणि कंबर धरली. उठता येईना.

"चाओती!" ते ओरडले. "ये गं लवकर, बाई अडकली!"

दोघांनी मिळून मला उठवलं, म्हणजे एकटीनं तिनं. तोंगकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं. हसून की कशानं, सांगता येत नाही. म्हणाले, "राग कसला, पोरी. नावाचं काय घेऊन बसलीस. माझं नाव कुणाला पाहिजे? चाळीस बाया रोज बांधावर नाचतायत, ते काय कमी आहे?" मग चाओतीला म्हणाले, "हिला बीफचं सूप दे. वाळलीय."

त्यांनी मला क्षमा केलेली नाही.

१३ डिसेंबर

ठोकळे मागितले. मला वाटलं, नाही म्हणतील. चाओतीनं बियाण्याच्या पोत्यामागून काढून दिले. बोटभर रुंद, टाचेकडं झिजलेले, पट्ट्या उंदरांनी खाल्लेल्या. तिनं जुन्या साडेतीन हात कापडाच्या चिंध्या करून माझ्या पायांना बांधले. भिंत धरून उभी राहिले. सदुसष्ट वर्षांची बाई, काठ्यांवर ठेवलेल्या मडक्यासारखी.

"ढोल आण," तोंगकाका म्हणाले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चाओतीनं ढोल त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हातात टिपरू. मी वाट बघत राहिले, ठेका सुरू होईल म्हणून. ते माझ्या पायांकडं बघत वाट बघत होते.

"वाजवा ना काका."

"तू चाल ना."

मी भिंत सोडली, कसंबसं एक पाऊल टाकलं. एक ठोका पडला. दुसरं टाकलं, दुसरा. मी रेंगाळले, ढोल रेंगाळला. तोल सावरायला भराभर चार पावलं टाकली, ढोल माझ्यामागं धावत आला. ठोकळ्यांवर उभं राहताच येत नाही. सतत कुठंतरी जावं लागतं, आणि जाल तिथं ढोल येतो. मी आयुष्यभर माणसांना ढोलामागं चालवलं. टेपमागं.

अंगणाच्या टोकाला गेले आणि मनाशी म्हटलं, आता. डावीकडं झुकले.

ढोल थांबला. मी पडले.

बांधावरून बघायला आलेल्या बाया हसल्या. चाओती हसली. आणि तोंगकाका टिपरू खाली ठेवून म्हणाले, "हां. अस्संच."

"काय अस्संच?"

"काही नाही. लागलं का बघ तिला."

घोटा थोडा सुजला आहे. त्यांच्याकडचा काळा लेप लावला.

१५ डिसेंबर

दुपारी ते झोपून उठल्यावर मी त्यांच्या खाटेशी बसले. विचारायचं नव्हतं. विचारलं.

"काका, त्या दिवशी तुमचा पाय मुरगळला होता का?"

त्यांनी डाव्या हातानं पांघरूण बाजूला सारलं.

"सत्तावीस वर्षं ती लाकडं पायात नव्हती, पोरी. घसरलो. पडलोच असतो, भावानं ढोल धरून ठेवला म्हणून सावरता आलं. आमच्यात रीतच ती. नाचणारा चुकला तर ढोलानं थांबायचं, त्याला वेळ द्यायचा. लोक हसले, म्हातारी पाणकोंबडी घसरली म्हणून."

"म्हणजे नाचात तसं काही नव्हतंच."

"नव्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू रडत होतीस. इतकी रडत होतीस की भावाला वाटलं, तुझं कुणी गेलंय. रडणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, की अगं, काही नाही, मी पडत होतो? म्हटलं, शहरात जाईल, विसरेल. तर पुढच्या वर्षी गावात पडद्यावर दाखवलं. सोळा पोरी एकदम घसरल्या." त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "भाऊ म्हणाला, तिला पत्र लिही. मी म्हटलं, तिला बक्षीस मिळालंय, आता कशाला."

"आणि परीक्षेला?"

"परीक्षेला तर मी खरंच घसरून दाखवलं. नापास!"

चाओती दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, पुरे." तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असावं. चाळीस बायांनासुद्धा.

१६ डिसेंबर

काही खाल्लं नाही.

पान एकशे बारा. एकतीस वर्षं. टेपवर मोजणी नव्हती, मी घड्याळ लावून मोजली आणि पाचवर बसवली, कारण पाच आणि आठच्या मध्ये रिकामं दाखवायला छान जागा मिळते. मग त्यावर निबंध लिहिला. पुरात घर गेलेल्या माणसाचा श्वास, असं लिहिलं. लोकांनी त्यावर निबंध लिहिले.

शाओमानच्या डाव्या घोट्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे. तिच्या आधीच्या मधल्या नर्तकीच्याही. मुली त्याला आपापसांत 'बाईंचा घोटा' म्हणतात, मला ऐकू येत नाही असं समजून. मी ते कौतुकानं घेत आले.

मुरगळलेला पाय मी देशभर वाटला.

मग खरा नाच कुठला? संध्याकाळी विचारलं. म्हणाले, "कुठला म्हणजे? मी चालायचो, तो वाजवायचा. रोज वेगळं व्हायचं."

"ते शिकवता येतं?"

"भाऊ मला शिकवायचाच की. राहा तू. वसंताच्या सणापर्यंत हा हात चालला तर बघू." मग म्हणाले, "तुला जड जाईल. तुला फार येतं."

१७ डिसेंबर

फाननं गाडी पाठवली. ड्रायव्हरनं टोफूच्या दोन वाट्या खाल्ल्या आणि अंगणात सिगारेट ओढत बसला. मी फानला फोन केला. सगळं सांगितलं. थांबा काढून टाक, तो नाचात कधीच नव्हता, समितीला तसं सांग.

पलीकडं त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाई, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. घसरला असेल पाय. एकतीस वर्षं झाली, आता ती परंपरा आहे. दहा प्रांतांतल्या पोरी ते करून परीक्षा पास होतात. त्यांना काय सांगू, आजोबांचा घोटा सुजला होता?"

"हो. तेच सांग."

"तुम्हाला बरं नाहीये. गाडीत बसा, झोप काढा. सकाळी तुम्ही पहिल्या रांगेत नुसत्या बसलात तरी पुरे. बोलूही नका."

तो चांगला मुलगा आहे. मीच त्याला निवडलं होतं.

पिशवी भरली. गाडीपर्यंत गेले. ड्रायव्हरनं दार उघडलं. मग मी त्याला जा म्हणाले. याला निर्णय म्हणता येणार नाही. पहिल्या रांगेत बसून त्या सोळा मुली पाचला थांबताना बघण्याची माझी छाती झाली नाही, एवढंच. समितीला पत्र लिहायला घेतलं. 'माननीय' एवढं लिहून झालं. पुढं लिहिलं तर माझ्याकडं काय उरेल ते बघत बसले. पत्र पाठवलं नाही.

चाओतीनं विचारलं, "राहणार ना बाई?" हो म्हटलं. ती म्हणाली, "मग उद्यापासून भांडी तुम्ही घासायची."

१८ डिसेंबर

नऊ वाजता ऊन आलं. चाओतीनं तोंगकाकांना भिंतीशी बसवून ढोल मांडीवर ठेवला आणि माझ्या पायांना ठोकळे बांधले. सूज उतरली आहे, घोटा दुखत नव्हता. तोंगकाकांनी टिपरू उचलून धरलं आणि माझ्या पायांकडं बघत राहिले. मी भिंत धरून उभी होते. मला पाऊल टाकता आलं नाही. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा चाओतीनं ढोल काढून घेतला. साडेदहाला फानचा निरोप आला. नृत्य मंजूर झालं.